आवाज उचलायचा कुणी?

मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिका दोन वेगळ्या काळांतल्या आहेत. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीच्या मुद्रिका भोंग्यासमोर गायलेल्या. तिथे माइक नव्हता, वीजही नव्हती. गायकाने भोंग्याच्या रुंद तोंडाशी तोंड न्यायचं, निमुळत्या टोकाला बसवलेला पातळ पडदा थरथरायचा आणि त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या तबकडीवर रेघ कोरायची. मेण कोरायला लागणारी सगळी ताकद गळ्यातून यायची. तारसप्तकात आवाज चढला की मागे सरायचं, खाली उतरला की पुन्हा पुढे यायचं. एवढं करूनही साधारण २५० ते २५०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज तबकडीवर उतरायचा. त्याच्या खालचं आणि वरचं सगळं हवेतच विरून जायचं.

१९२५ साली अमेरिकेत विजेवरचं ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि थोड्याच वर्षांत ते हिंदुस्थानात आलं. १९३०च्या दशकात खाँसाहेब ओडियन कंपनीसाठी गायले तेव्हा त्यांच्या समोर माइक होता. त्यांची ‘जमुना के तीर’ ही भैरवी या काळातली. खाँसाहेबांचा आवाज मुळात बारीक, हळुवार, सुरात चिंब भिजलेला. दणका देऊन सभा जिंकणारा नव्हेच. या नंतरच्या मुद्रिकांत सुरावर अलगद येणं ऐकू येतं, सूर सोडतानाची हलकी ओढही ऐकू येते. गायक तोच, गायकीही तीच. आवाज मोठा करण्याचं काम मात्र गळ्याकडून यंत्राकडे गेलं होतं.

हे काम कुणाच्या अंगावर टाकायचं, हा प्रश्न सातारा-सांगलीच्या पट्ट्यात पावणेदोनशे वर्षं वेगवेगळ्या रूपांत पुढे येत राहिला आहे. इस्लामपुरात किंवा कराडात घरच्या खोलीत अभंग, पोवाडा नाहीतर पॉडकास्ट रेकॉर्ड करणारा मुलगा आज विचारतो, की माइकचा आउटपुट कमी आहे, तर स्वस्तातला कोणता ऑडिओ इंटरफेस घ्यावा? प्रश्न नव्या यंत्राचा दिसतो, पण त्याची मुळं जुनी आहेत आणि ती ठाऊक असली तर पैसे वाचतात.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं. सांगलीकर पटवर्धनांच्या आश्रयाने झालेल्या त्या प्रयोगापासून पुढची जवळपास शंभर वर्षं मराठी नट आणि गायक नुसत्या गळ्यावर नाट्यगृह भरून काढत होते. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीच्या ‘शाकुंतल’मध्ये नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, पहिल्यांदा शकुंतला म्हणून उभे राहिले ते शेजारच्या मिरजेत. शेवटच्या रांगेतल्या माणसाला पद कळलं पाहिजे हा तेव्हाचा नियम. त्या नियमाने शब्द फेकण्याची, स्वर लांबवण्याची, श्वास राखण्याची एक अख्खी पद्धत घडवली.

तमाशाने हेच काम वाटून घेतलं. वाळवे तालुक्यातलं रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचं गाव. त्यांच्या लावण्या ज्या फडांवर गाजल्या, तिथे मुख्य गाणाऱ्याच्या मागे सुरते उभे असत. ओळीचं शेवटचं टोक ते उंच सुरात धरून ठेवत, म्हणजे झील ओढत. हलगी आणि तुणतुण्याच्या कल्लोळात एकट्या गळ्याचं काही चाललं नसतं. झीलकऱ्यांमुळे मुख्य गायकाला श्वास घ्यायला उसंत मिळे आणि आवाज जत्रेच्या पार टोकापर्यंत पोचे. ध्वनिवर्धनाची ही माणसांनी उभी केलेली सोय होती, आणि तिच्याकडे केवळ लोककलेची गंमत म्हणून पाहणं अन्यायाचं होईल.

मिरजेच्या तंतुवाद्यांतही तीच सोय दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातले कारागीर तंबोरे-सतारींकडे वळले. तंबोऱ्याची तार स्वतः फार थोडी हवा हलवते. तिचं कंपन घोडीतून तबलीत आणि तिथून भोपळ्यात उतरतं, तेव्हा कुठे तो सूर मैफलीत भरतो. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे मोठे, जाड सालीचे भोपळे त्यासाठी निवडून, वाळवून आणले जातात. भोपळा कसा आहे यावर तंबोरा बोलणार की नाही हे ठरतं, आणि कारागीर त्यावर तडजोड करत नाहीत.

बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी या मुलखात आणली. मिरजेत त्यांच्यापाशी विष्णु दिगंबर पलुसकर शिकले. त्या गायकीचा खुला, ठाम, छातीतून येणारा आवाज माइकच्या आधीच्या दिवाणखान्यांत आणि देवळांत घडला. बुवांचेच शिष्य अंतूबुवा जोशी औंध संस्थानात गात होते. १९४०मध्ये त्यांनी औंधला, खटाव तालुक्यात, आपल्या आध्यात्मिक गुरूंच्या स्मरणार्थ जो संगीत उत्सव सुरू केला, तो आजही चालतो. गळ्याकडून यंत्राकडे जाण्याचा बदल एकाच उत्सवाच्या आयुष्यात घडला, असं हे विरळ उदाहरण.

लाऊडस्पीकर या भागात आधी आला तो सभांबरोबर. मोटवाने कुटुंबाच्या शिकागो रेडिओची नावपट्टी असलेले माइक गांधीजींच्या आणि नेहरूंच्या कितीतरी छायाचित्रांत दिसतात. १९४२च्या आंदोलनात मुंबईत उषा मेहतांनी चालवलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओला मदत केल्याबद्दल नानिक मोटवाने यांना अटक झाली होती. त्याच सुमारास साताऱ्यात इंग्रजांविरुद्धचं भूमिगत प्रतिसरकार उभं राहत होतं. तेव्हाचा सातारा जिल्हा म्हणजे आजचा बराचसा सांगली जिल्हाही. भूमिगतांच्या सभांना भोंगे लावणं शक्यच नव्हतं, म्हणून तिथे शाहिराचा गळा आणि डफ हेच प्रचाराचं साधन राहिलं.

स्वातंत्र्यानंतर गावोगाव मंडप-डेकोरेशनवाल्यांकडे अॅम्प्लिफायर आले. १९४०मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या अहुजाचं नाव तर इतकं रुळलं, की खेड्यात अहुजा म्हटलं की लोकांना अॅम्प्लिफायरच कळतो. लिंबाच्या फांदीला सुतळीने बांधलेले दोन भोंगे, खाली सतरंजीवर मशीन, बाजूला बॅटरी. स्पीकरवाला माइकवर फुंकर मारून “हॅलो, माइक टेस्टिंग” म्हणायचा आणि शिट्टी आली की घाईने बटण मागे घ्यायचा. त्याच्या बोटांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: माइक लांब गेला की बटण चढवावं लागतं, आणि बटण चढलं की शिट्टी येते. म्हणून तो वक्त्याला सारखा “जवळ घ्या, जवळ घ्या” म्हणायचा. आजच्या होम स्टुडिओतली निम्मी दुखणी त्या एका सूचनेने बरी होतात.

१९६३मध्ये सांगलीला आकाशवाणी केंद्र आलं. १२५१ किलोहर्ट्‌झ हा मध्यम लहरींवरचा आकडा इथल्या घराघरांत पाठ झाला. आकाशवाणीने या भागातल्या गायकांना, कीर्तनकारांना, शेतकऱ्यांनाही एक नवी शिस्त लावली. स्टुडिओत ओरडायचं नाही, कागद वाजवायचा नाही, माइकपासून ठरलेलं अंतर सोडायचं नाही. काचेपलीकडचा अभियंता मीटरच्या काट्यावर नजर ठेवून बसे आणि काटा फार खाली राहू देत नसे. त्याला कारण होतं. टेपला स्वतःची सरसर असते. आवाज हळू भरला तर पुढे तो मोठा करताना सरसरही तेवढीच मोठी होते. काटा वर ठेवण्याची ती सवय टेपच्या काळात अगदी बरोबर होती.

आज ज्याला कमी आउटपुटचा म्हणतात तो माइक याच स्टुडिओंच्या जगातला आहे. इलेक्ट्रो-व्हॉइसचा आरई-२० १९६०च्या दशकाच्या अखेरीचा. शुअरचा एसएम-७ १९७३चा; त्याची एसएम-७बी ही आवृत्ती २००१मध्ये आली आणि पॉडकास्टवाल्यांनी ती जगभर नेली. या डायनॅमिक माइकमध्ये चुंबकाच्या फटीत एक बारीक गुंडाळी हलते आणि तिच्यात किंचितशी वीज तयार होते. आत वर्धक नाही, बॅटरी नाही. आकड्यांत सांगायचं तर ९४ डेसिबलच्या ठरावीक आवाजाला एसएम-७बी फक्त १.१२ मिलिव्होल्ट देतो. मंचावरचा सर्वपरिचित एसएम-५८ जवळपास १.८५ देतो. रोडच्या एनटी-१ए या कंडेन्सर माइकमध्ये आतच वर्धक असल्याने तो २५ मिलिव्होल्टच्या घरात जातो. म्हणजे बावीसपट फरक.

हा माइकचा दोष मानणं चूक आहे. विहीर खोल असली म्हणून तिचं पाणी वाईट ठरत नाही, मोटर तेवढी अश्वशक्तीची लागते. एसएम-७ घडवणाऱ्यांनी मागे नभोवाणी केंद्राचं भारी कन्सोल गृहीत धरलं होतं, आणि उचलायचं काम त्या कन्सोलच्या प्रीअॅम्पचं होतं. घरात माइक आला, कन्सोल नाही आलं. कन्सोलच्या जागी तळहाताएवढं खोकं, म्हणजे ऑडिओ इंटरफेस, आलं, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

आधी तर तेही नव्हतं. नव्वदच्या दशकात संगणकाच्या साउंड कार्डाला माइकसाठी एक भोक असायचं. त्यात चांगला डायनॅमिक माइक अडॅप्टर लावून घुसवला तर सूं असा आवाज आणि त्यामागे कुठेतरी गाणारा माणूस. २००२च्या सुमाराला यूएसबीवर चालणारे, खरे प्रीअॅम्प असलेले इंटरफेस बाजारात दिसू लागले. २०११मध्ये फोकसराइटची स्कारलेट मालिका आली आणि त्यानंतर ही वस्तू हार्मोनियम विकत घेणाऱ्या घरांच्याही आवाक्यात आली.

आता आकडे नीट पाहू या, कारण दुकानात दिवे, रंग आणि सोबत फुकट मिळणारं सॉफ्टवेअर दाखवतात, पण ज्याच्यावर सगळं ठरतं तो आकडा माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतो. त्याला गेन म्हणतात. ६० डेसिबल गेन म्हणजे व्होल्टेज हजारपट. एसएम-७बीला किमान ६० डेसिबल हवेत असं शुअर स्वतः सांगते. स्कारलेट सोलोच्या तिसऱ्या पिढीत गेन ५६ होता. २०२३च्या चौथ्या पिढीत सोलोला ५७ आणि टू-आय-टूला ६९ मिळाला. मोटूच्या एम-२ला ६०, एसएसएल-२ला ६२, ऑडियंटच्या ईव्हो-४ला ५८. एकाच दुकानात, एकमेकांच्या शेजारी ठेवलेल्या खोक्यांत दहा-बारा डेसिबलचा फरक आहे आणि कमी आउटपुटच्या माइकला तो थेट जाणवतो.

पण खोक्याआधी अंतर. साधं बोलणं एक मीटरवर साधारण ६० डेसिबल असतं. वीस सेंटिमीटरवर तेच ७४ होतं, पाचवर ८६. अंतर निम्मं केलं की सहा डेसिबल आपोआप मिळतात, आणि त्यांच्यासाठी एक रुपया लागत नाही. वीस सेंटिमीटरवर ठेवलेला एसएम-७बी जेमतेम ०.११ मिलिव्होल्ट देतो. पाच सेंटिमीटरवर आणला तर ०.४५. स्पीकरवाल्याचं “जवळ घ्या” इथे बारा डेसिबलचं काम करून जातं. जवळ गेल्यावर आवाजाला येणारा खर्जाचा फुगवटा थोडा कापावा लागतो आणि ‘प’, ‘फ’ची फुंकर अडवायला जाळी लागते. एवढीच त्याची किंमत.

दुसरा मुद्दा सूं आवाजाचा. प्रीअॅम्पची स्वतःची सरसर आज स्वस्त खोक्यांतही उणे १२८ डीबीयूच्या आसपास असते. निसर्गनियमाने १५० ओमच्या स्रोताला जी किमान सरसर असणारच, ती उणे १३१च्या जवळ. म्हणजे सुधारायला जेमतेम तीन डेसिबल उरले आहेत. वीस सेंटिमीटरवरच्या बोलण्याचा माइकमधून निघणारा सिग्नल उणे ७७ धरला, तर तो सरसरीच्या ५१ डेसिबल वर राहतो. आता खोलीतला पंखा चालू ठेवा. खोलीचा गोंगाट ४० डेसिबल धरला तर ७४च्या बोलण्यात आणि त्यात फक्त ३४चं अंतर. पंखा प्रीअॅम्पच्या सरसरीपेक्षा कितीतरी मोठा आहे. एप्रिलमध्ये सांगलीत पंखा बंद करून गाणं सोपं नाही, हे मान्य. पण महागड्या खोक्यासाठी पैसे साठवण्यापेक्षा गाद्या, गोधड्या, पुस्तकांची कपाटं आणि एका टेकपुरता बंद ठेवलेला पंखा यांनी ध्वनिमुद्रण जास्त सुधारतं, असं आकडेच सांगतात.

तिसरी गोष्ट सवयीची. लाटेचं चित्र लहान दिसलं की रेकॉर्डिंग वाया गेलं, असं बऱ्याच जणांना वाटतं. ती टेपच्या काळातली भीती आहे. चोवीस बिटच्या ध्वनिमुद्रणात आवाज थोडा खाली भरून नंतर सॉफ्टवेअरमध्ये उचलला तर काही बिघडत नाही. हे समजून घेतलं तर ५६-५७ गेनच्या सोलोवरही एसएम-७बीने चांगलं काम होतं. फक्त बटण जवळपास शेवटापर्यंत न्यावं लागतं आणि शिखरं उणे बारा डेसिबलपाशी थांबली तरी समाधान मानावं लागतं. स्वस्तातल्या काही जुन्या खोक्यांत बटणाच्या शेवटच्या टप्प्यात सरसर एकदम उसळते. खरेदीच्या वेळी हेडफोन लावून, माइकवर न बोलता, बटण पूर्ण फिरवून ऐकावं. त्या अर्ध्या मिनिटात माहितीपत्रकापेक्षा जास्त कळतं.

अशा उसळणाऱ्या खोक्यांसाठीच मध्ये लावायचे छोटे बूस्टर निघाले. क्लाउडलिफ्टर २५ डेसिबलच्या आसपास उचल देतो, फेटहेड त्याहून जरा जास्त. त्यांना ४८ व्होल्ट फँटम वीज लागते. या वीजपुरवठ्याचाही एक किस्सा आहे. १९६६मध्ये नॉर्वेच्या नभोवाणीला नॉयमानचे नवे कंडेन्सर माइक हवे होते. त्यांच्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीपासून होती, म्हणून माइक त्याच्यावर चालवले आणि पुढे तोच आकडा जगभर रूढ झाला. चांगल्या, ६० किंवा अधिक गेनच्या नव्या खोक्याला बूस्टर जोडण्यात फारसा अर्थ नाही. बूस्टरची किंमत आणि स्वस्त खोक्याची किंमत मिळून होणारी रक्कम बहुतेक वेळा वरच्या गेनच्या इंटरफेसजवळ जाते. नवं काही घेणाऱ्याने सरळ तोच घ्यावा. २०२३मध्ये शुअरने तर बूस्टर माइकमध्येच बसवून एसएम-७डीबी काढला. म्हणजे कंपनीनेही मान्य केलं, की गिऱ्हाइकाच्या घरी कन्सोल नाही.

या भागात आजही रोज बोलणारे स्टुडिओ आहेत. माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनचं ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक नभोवाणी केंद्र २००८पासून ९०.४ मेगाहर्ट्‌झवर चालतं. जत तालुक्यात जालिहाळला ‘येरळावाणी’ आहे. २००६मध्ये सरकारने स्वयंसेवी संस्थांना परवानगी दिल्यावर अशी केंद्रं शक्य झाली. त्यांच्या प्रक्षेपणाला शंभर वॅटची मर्यादा असते. ओव्या म्हणणारी म्हातारी, गजीनृत्याचा धनगर, पाण्याबद्दल बोलणारा शेतकरी असे माणसागणिक बदलणारे आवाज जिथे येतात, तिथे कमी आउटपुटचा डायनॅमिक माइक मोठा उपयोगी. तो बाजूचा गोंगाट कमी घेतो आणि कुणी अचानक खच्चून हाक दिली तरी फाटत नाही. मागे भरपूर गेन असला की झालं.

तंबोऱ्याला मात्र हा हिशेब लागू नाही. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ते वाद्य नीट ध्वनिमुद्रित व्हावं ही इच्छा असलेले तरुण मिरजेत पुष्कळ आहेत. त्याचा आवाज मुळात हळू, जवळ गेलं तर एकच तार ठळक होते, म्हणून माइक हातभर लांब ठेवावा लागतो. तिथे एसएम-७बी लावला तर सर्वात चांगला प्रीअॅम्पही ऐकू येईल इतकी सरसर करतो. या कामाला साधा कंडेन्सर माइक आणि ४८ व्होल्टचं बटण असलेलं कोणतंही बरं खोकं पुरतं, कारण गेन निम्म्यावरच राहतो. गाण्यासाठी एक आणि तंबोऱ्यासाठी एक असे दोन माइक लागणार असतील तर दोन इनपुटचं खोकं घ्यावं, आणि त्यातला गळ्याचा इनपुट ६० डेसिबलच्या वर जातो की नाही हे पैसे देण्याआधी पाहावं.